सज्ञान माणसाने नाव बदलायचं तर: राजपत्र, आधार आणि मामा-मावश्या

महाराष्ट्र शासनाच्या साप्ताहिक राजपत्राचा, म्हणजे गॅझेटचा, भाग दोन उघडला की पानंच्या पानं नावबदलाच्या सूचना दिसतात. जुनं नाव अमुक, नवीन नाव तमुक, खाली पत्ता. या यादीच्या डोक्यावर एक टीप छापलेली असते आणि ती सहसा कुणी वाचत नाही. तिचा आशय असा, की या सूचना संबंधित व्यक्तींच्या अर्जावरून, कागदपत्रांची पडताळणी न करता छापल्या आहेत आणि त्यांच्या खरेपणाची जबाबदारी शासनावर नाही.

ही टीप समजली की नावबदलाचा निम्मा गोंधळ मिटतो. आपल्याकडे समज असा, की सरकार नवीन नाव ‘मंजूर’ करतं, एखादा साहेब सही करतो आणि त्या दिवसापासून आपण दुसरे होतो. तसं काही नसतं. नाव तुम्हीच ठरवता आणि तुम्हीच जाहीर करता. सरकार ती जाहिरात आपल्या कागदावर, तारखेनिशी छापून देतं, एवढंच. पुढे बँकेपासून पासपोर्टपर्यंत सगळे जण तो छापील कागद बघून एकच गोष्ट ताडतात: हा जुन्या नावाचा माणूस आणि हा नव्या नावाचा माणूस एकच आहे ना? या प्रश्नाचं उत्तर कायम हाताशी ठेवणं, हाच कायदेशीर नावबदल.

भारतात सज्ञान माणसाने नाव कसं बदलावं हे सांगणारा, देशभर लागू असा एकच कायदा नाही. पण हक्क आहे. सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरचं नाव बदलण्यावरून झालेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केलं, की स्वतःचं नाव ठरवणं हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्यावर वाजवी बंधनं येऊ शकतात. थोडक्यात, कारण पटवून द्यायची लढाई सहसा लढावी लागत नाही. लढाई असते ती कागद जुळवण्याची.

म्हणून अर्जाला हात लावण्याआधी एका स्वच्छ कागदावर नवीन नाव पूर्ण लिहून काढा, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांतही. हे वाटतं तितकं सोपं नाही. मराठी नावाचे तीन भाग: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. आधारवर तिन्ही, पॅनवर मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर, बँकेत आडनाव आधी, दहावीच्या गुणपत्रिकेवरही आडनाव आधी, असा प्रकार घरोघरी असतो. त्यात इंग्रजी स्पेलिंग. ‘क्षीरसागर’मधला क्ष कुणी एका तऱ्हेने लिहितं, कुणी दुसऱ्या, आणि संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं असतात. नवीन नावात मधलं नाव ठेवायचं का, पूर्ण लिहायचं की आद्याक्षर, हे एकदाच ठरवा आणि मग सगळीकडे तेच, अक्षरनअक्षर. नुसतं स्पेलिंग चुकलं असेल तर राजपत्राची गरज बहुतेक वेळा पडत नाही. योग्य नाव असलेलं दुसरं ओळखपत्र दाखवून ती दुरुस्ती होते. अंकशास्त्रासाठी नावात जादा अक्षर घालणाऱ्यांना एवढंच सांगेन, की आधारमध्ये नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं. ज्योतिषीबुवांना दुसऱ्या खेपेपर्यंत खात्री झालेली बरी.

आता राजपत्र. महाराष्ट्रात हे काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे आहे. त्याचं मुख्य कार्यालय मुंबईत चर्नी रोडला आहे, पण तिथे खेटे घालायचं कारण नाही. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर खातं उघडायचं, या विभागाची राजपत्राची सेवा निवडायची, जुनं नाव, नवीन नाव, कारण आणि पत्ता भरायचा, फोटो, सही, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा जोडायचा आणि ऑनलाइन शुल्क भरायचं. नाव, धर्म आणि जन्मतारीख हे तिन्ही बदल इथेच जाहीर होतात. तहसील कचेरीबाहेरचे एजंट याच कामाचे मनाला येतील तेवढे पैसे सांगतात. फॉर्म मात्र दोन-चार पानांचाच असतो.

या फॉर्ममधला सगळ्यात महत्त्वाचा रकाना नव्या नावाचा नाही, जुन्या नावाचा आहे. उत्साहाच्या भरात लोक नव्या नावाचं स्पेलिंग दहादा तपासतात आणि जुनं नाव आठवेल तसं टाकतात. पण बँकेतला कारकून राजपत्र हातात घेऊन आधी काय बघणार? तुमच्या खात्यावरचं जुनं नाव यात आहे का. जुन्या कागदांवर तुमचं नाव दोन-तीन तऱ्हांनी लागलं असेल, तर ती सगळी रूपं ‘ऊर्फ’ घालून जुन्या नावाच्या रकान्यात बसतात का ते बघा. छापून झाल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क आणि पुन्हा वाट बघणं. छापलेला अंक संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. ती फाइल जपून ठेवा, स्वतःला ईमेल करा, आणि छापील प्रत काढाल तेव्हा अंकाचं पहिलं पान आणि तुमच्या नावाचं पान अशी दोन्ही काढा. नुसतं आतलं पान नेलं तर ‘हे कुठल्या तारखेचं?’ असं विचारून परत पाठवतात.

प्रतिज्ञापत्राचं काय, हा प्रश्न हमखास येतो. नोटरीसमोर किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र म्हणजे तुम्ही शपथेवर सांगितलेली गोष्ट. काही ठिकाणी ते राजपत्रासोबत मागतात, काही ठिकाणी वर्तमानपत्रातली ती चार ओळींची जाहिरातही मागतात. पण एकटं प्रतिज्ञापत्र घेऊन सगळीकडे फिरलात तर निम्म्या दारांवरून परत याल. केंद्र सरकारी नोकरीत असाल तर आधी आपल्या खात्याचे नियम विचारा. तिथे दिल्लीच्या प्रकाशन विभागाच्या, म्हणजे भारताच्या राजपत्राच्या वाटेने जावं लागतं आणि तिथल्या अटी वेगळ्या आहेत.

राजपत्र हातात आलं की क्रम महत्त्वाचा. आधी आधार, कारण बाकीचे सगळे त्याच्याशी ताडून बघतात. आधार केंद्रावर राजपत्र आणि जुन्या नावाचं एखादं ओळखपत्र न्या. मग पॅन. पॅनचा नंबर बदलत नाही, फक्त नाव बदलतं, आणि म्हणूनच नाव बदलून कर्ज किंवा करातून सुटका होत नाही. ज्यांच्या मनात तसं काही असेल त्यांनी इथेच थांबावं. आधार आणि पॅन जुळले की बँक. रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवून घेण्याचे, निर्देश याबाबतीत अगदी स्वच्छ आहेत: ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदललं असेल, तरी राज्य सरकारने दिलेलं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली सूचना सोबत असेल तर ते ओळखपत्र ग्राह्य धरायचं. ‘आमच्या शाखेत असं चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर आवाज न चढवता या निर्देशाची आठवण करून द्या आणि नकार लेखी मागा. बँकेत गेल्यावर नवीन सहीही त्याच दिवशी नोंदवा. नाव नवं आणि सही जुनी राहिली की पहिलाच चेक परत येतो.

नोकरदारांनी भविष्यनिर्वाह निधीकडे दुर्लक्ष करू नये. तिथलं नाव आधारशी जुळलं नाही तर पैसे काढताना दावा अडकतो, आणि ते कळतं नेमकं नोकरी सुटल्यावर. मतदार यादीसाठी नमुना ८ भरायचा. पासपोर्टवर खाडाखोड होत नाही, नव्या नावाने नवीन पुस्तिकाच घ्यावी लागते. पूर्ण नाव बदललं असेल तर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीही मागितल्या जाऊ शकतात, तेव्हा अर्ज करण्याआधी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरची कागदपत्रांची यादी बघून घ्या. जुन्या पासपोर्टवर कुठल्या देशाचा व्हिसा चालू असेल तर तो कोणत्या नावाने आहे हे विसरू नका. विमानाचं तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच हवं. प्रवास तोंडावर असताना हा उद्योग काढूच नये.

शाळेचं मात्र वेगळं आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणि बोर्डाची प्रमाणपत्रं त्या वेळी तुमचं नाव काय होतं ते सांगतात. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमधली नोंद, लिहिण्यातली उघड चूक असल्याशिवाय, सहसा बदलत नाहीत. जन्मदाखल्याचंही तसंच: १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात चुकीची नोंद दुरुस्त करायची सोय आहे, पण तिसाव्या वर्षी तुम्ही नाव बदललंत म्हणून जन्माच्या वेळची नोंद चुकीची ठरत नाही. या कागदांशी भांडण्यात लोक वर्षं घालवतात. माझ्या मते ते सोडून द्यावं. दाखल्याच्या मागे राजपत्राची प्रत टाचून ठेवावी आणि जिथे दाखला द्यायचा तिथे दोन्ही द्यावं.

महाराष्ट्रात नाव सगळ्यात जास्त बदलतं ते बायकांचं. त्यातलं पुष्कळसं कागदावर येतच नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीने नवं नाव लिहितो, टाळ्या वाजतात, फोटो निघतो. कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी काहीही झालेलं नसतं. लग्नानंतर बाईने नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. तिची इच्छा असेल तर नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी पुरतं. घोटाळा होतो तो पहिलंच नाव बदललेलं असतं तेव्हा. दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत सासरचं नाव पण माहेरचं आडनाव, आणि सातबाऱ्यावर वारसांच्या यादीत तिसरंच काहीतरी. विवाह प्रमाणपत्रावर सहसा लग्नाआधीचं नाव असतं, तेव्हा तांदळातल्या नावाशी ते जुळवायला राजपत्रच लागतं. वडिलांच्या जमिनीत नाव लावायची वेळ आली की ‘ही तीच मुलगी कशावरून?’ हा प्रश्न तलाठ्याआधी भाऊच विचारतो.

उलटा प्रवास, म्हणजे घटस्फोटानंतर किंवा संसार चालू असतानाही माहेरच्या नावावर परत येणं, हाही राजपत्रानेच होतो. केंद्राच्या राजपत्रासाठी अशा वेळी नवऱ्याचं ना हरकत पत्र किंवा घटस्फोटाचा हुकूम मागण्याची अट होती. तिला २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. स्वतःच्या जन्मनावावर परत जायला दुसऱ्याची हरकत आहे का हे विचारणं मुळातच चमत्कारिक होतं. दरम्यान राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव घालायचं ठरवलं. त्याआधी जन्मलेल्या ज्यांना आईचं नाव आपल्या नावात हवं आहे त्यांना मात्र राजपत्राचीच वाट आहे.

आडनाव बदलणाऱ्यांचा एक मोठा वर्ग जातीच्या खुणेपासून सुटू पाहणारा आहे. अपमान म्हणून चिकटलेलं आडनाव टाकून गावावरून ‘कर’ लावणारी कुटुंबं मराठवाड्यापासून कोकणापर्यंत सापडतील. त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: आडनाव बदलल्याने जात बदलत नाही, आणि आरक्षणाचा हक्कही जात नाही. पण जात पडताळणी समिती वंशावळ बघते, आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदी बघते, आणि त्या सगळ्या जुन्या आडनावाने असतात. आजोबांनी आडनाव बदललं आणि पुरावा ठेवला नाही, तर नातीला वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. तुम्ही आज नाव बदलत असाल तर तुमचं राजपत्र तुमच्या नातवंडांनाही लागणार आहे.

साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ ‘नकुशा’ मुलींना एका जाहीर कार्यक्रमात नवीन नावं मिळाली. त्या मुली आज मोठ्या झाल्या आहेत. कार्यक्रमातलं प्रमाणपत्र ही सुरुवात असते. त्यानंतर शाळा, रेशनकार्ड, आधार अशी प्रत्येक ठिकाणची नोंद एकेक करून बदलावी लागते, आणि त्यातली एखादी जरी राहिली तरी ‘नको असलेली’ हे नाव कुठल्यातरी खिडकीवर मोठ्याने पुकारलं जातं. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याने वेगळी वाट दिली: जिल्हादंडाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र मिळालं की जन्मदाखल्यासह सर्व अधिकृत कागदपत्रांत पहिलं नाव बदलायचा हक्क. जन्मदाखल्याची सोय तिथे कायद्यातच आहे, हे विशेष.

गोव्यात जन्मनोंद असलेल्यांना महाराष्ट्राची ही वाट लागू नाही. तिथे नाव आणि आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. परदेशातल्या मराठी माणसाचा पासपोर्ट भारतीय असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत अर्ज करायचा. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना नाव बदलायची संधी तिथल्या प्रक्रियेतच मिळते, पण तसं बदललंत तर इथलं बँक खातं, फ्लॅट आणि गावाकडची जमीन जुन्याच नावाने राहते.

आता माणसांना सांगायचं. कागदांपेक्षा हे अवघड, पण याच्यासाठी कागदांची वाट बघायची गरज नाही. राजपत्र यायच्या आधीसुद्धा घरच्यांना, जवळच्या मित्रांना सांगता येतं. ऑफिसात मात्र आधार-पॅन बदलेपर्यंत पगाराचं नाव आणि हाक मारायचं नाव वेगळं राहील, हे मनुष्यबळ विभागाला लेखी कळवा. बहुतेक ठिकाणी ईमेलचं आणि दाराबाहेरच्या पाटीचं नाव आधी बदलून देतात. जुना ईमेल पत्ता मात्र लगेच बंद करू नका, बँकेचे आणि शेअरचे संदेश तिथेच येत राहतात.

निरोप छोटा असू द्या. ‘मी माझं नाव बदलून अमुक केलं आहे. राजपत्रात नोंद झाली आहे. फोन नंबर तोच आहे. फोनमध्ये नाव बदलून घ्याल का?’ एवढं पुरे. कारण सांगणं तुमच्या मर्जीवर. कारण लिहिलंत की त्यावर चर्चा सुरू होते, आणि कौटुंबिक ग्रुपवरची चर्चा कुठे जाते हे सगळ्यांना माहीत आहे. शेवटचं वाक्य मात्र ठेवाच, कारण कुणाच्या फोनमध्ये जुनं नाव राहिलं की तोंडातही तेच राहतं. गूगल पे, फोनपेवर पैसे घेताना समोरच्याला बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, त्यामुळे बँकेचं काम लांबलं तर शेजाऱ्यालाही तुमचं जुनं नाव कळत राहील.

मोठ्या माणसांची गोष्ट निराळी. पत्रिकेतलं जन्मनाव एक, पाळण्यातलं दुसरं, शाळेतलं तिसरं आणि घरात ‘बाळ्या’ नाहीतर ‘ताई’. मराठी घराला माणसाची चार नावं सांभाळायची सवय आहेच. सत्तरीची मावशी जुन्याच नावाने हाक मारत राहिली आणि तुम्हाला ते चालत असेल, तर तिला सुधारत बसू नका. पण ज्या नावाने जखम होते, तोडलेल्या लग्नाचं असो, चुकीच्या लिंगाचं असो, ‘नकुशी’ असो, तिथे भीड ठेवू नये. ‘मावशी, ते नाव आता नको’ असं एकदा शांतपणे, एकट्यात सांगावं. चारचौघांत टोकलं तर माणसं हट्टाला पेटतात. घरातल्या एकाने, बहुतेक वेळा एखाद्या आत्येबहिणीने, नवं नाव न चुकता वापरायला सुरुवात केली की बाकीचे हळूहळू मागे येतात.

आणि एक काम असं, की ते फक्त माणसांना सांगूनच होतं. तुमचं नाव फक्त तुमच्याच कागदांवर असतं असं नाही. आईच्या पेन्शनमध्ये, वडिलांच्या एलआयसी पॉलिसीत, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या भविष्यनिर्वाह निधीत, सोसायटीच्या नामनिर्देशन अर्जात, कुणाच्या मृत्युपत्रात तुम्ही जुन्या नावाने बसलेले असता. मुलांच्या जन्मदाखल्यावरही आई किंवा बाप म्हणून जुनंच नाव आहे. तो दाखला तसाच राहू द्या, त्याच्यासोबत राजपत्राची प्रत ठेवा. नामनिर्देशन मात्र बदलून घ्यायलाच हवं, आणि ते तुम्ही करू शकत नाही, ज्याची पॉलिसी त्यानेच करायचं असतं. तेव्हा राजपत्राच्या तीन-चार जादा प्रती काढा, आई-वडिलांसोबत बसून त्यांची कागदपत्रांची पेटी उघडा, आणि ज्या ज्या कागदावर तुमचं नाव आहे त्याची नोंद बदलायचा अर्ज त्यांच्या सहीने तिथल्या तिथे भरून घ्या.